पटावरची रूपा

गायरान वस्तीच्या शाळेत हजेरी घेताना विशाखा एकोणीस नावं पोरांच्या तोंडाकडं बघून घ्यायची. विसावं नाव मात्र वहीत बघून.

“रूपा बन्सी साळवे.”

“हजर!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा आणि आपण मोठीच गंमत केली अशा थाटात खिदळायचा. खिडकीजवळची रूपाची जागा रिकामी असायची. दिवाळीच्या सुट्टीपासून ती रिकामीच होती. विशाखा त्या नावापुढं हजेरीची खूण करायची, मोबाइलवरही हिरवी खूण दाबायची आणि वही मिटायची. पोरांना या प्रकाराचं काही वाटेनासं झालं होतं आणि खरं सांगायचं तर हळूहळू तिलाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या, खिचडीची शेड आणि मागं कठडा ढासळलेली जुनी विहीर. पैठण रोडनं चितेगावकडं जाताना कंपन्यांची कुंपणं विरळ झाली की उजव्या हाताला एक कच्चा रस्ता आत वळतो, तिथं. विहिरीवर जाळी टाका म्हणून विशाखानं वर चार पत्रं पाठवली होती. चारही पत्रांची पोच आली, जाळी आली नाही.

वस्ती बहुतेक बौद्धांची. गायरान कसता कसता माणसं तिथंच राहिली, पुढं कंपन्या आल्या तशी कंपन्यांत जाऊ लागली. विशाखा इथलीच. तिचे वडील मोतीराम कंपनीत वॉचमन होते. त्यांनी लिंबाखाली अकरा पोरं बसवून शाळा सुरू करायला लावली आणि तिला मान्यता मिळावी म्हणून तीन वर्षं जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्या. विशाखा त्या अकरांतली एक. पुढं डी.एड. होऊन नोकरी लागल्यावर तिनं हट्टानं इथली बदली मागून घेतली आणि आता मुख्याध्यापिकाही तीच होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मान्यतेचं ते पिवळं पडलेलं पत्र अजून ऑफिसच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, काचेत लावलेलं होतं.

दरवर्षी शाळेची माहिती वर पाठवायची असते. तो तक्ता विशाखाला तोंडपाठ होता. मुलगे नऊ, मुली अकरा. अनुसूचित जाती चौदा, भटके तीन, अल्पसंख्याक दोन, इतर मागास एक. खुला प्रवर्ग शून्य. ज्यांना परवडत होतं त्यांची पोरं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्लिश शाळेत जात होती. ज्यांच्या दारात व्हॅन थांबली नाही ती वीस उरली होती. तक्त्यात त्यांची जात मावायची, गुण मावायचे. बाप कुठल्या कंपनीतून कमी झाला आणि आई कुणाच्या फडावर गेली, याला रकाना नव्हता.

आणि सगळ्यात खाली तो आकडा. एकूण पट : वीस. ज्या शाळेचा पट विसाच्या खाली जाईल ती जवळच्या शाळेत मिसळायची, असं पत्र आलं होतं. मिसळायची! शब्द कसा गोड निवडतात ही माणसं. जवळची शाळा होती हायवेच्या पलीकडं, अडीच किलोमीटरवर, आणि मधून दिवसभर कंटेनर सुसाट पळत. दोन वर्षांपूर्वी खालच्या वस्तीची शाळा अशीच मिसळली, तेव्हा तिथल्या अकरा मुलींपैकी सात घरी बसल्या. त्यातल्या एकीचं यंदा लग्न ठरतंय असं विशाखाच्या कानावर आलं होतं. पोर तेरा वर्षांची होती.

दिवाळीनंतर बन्सी साळवेचं कंपनीतलं काम सुटलं. ठेकेदारानं दुसरी माणसं आणली. बन्सी बायकोला घेऊन कन्नडकडं ऊसतोडीला निघाला आणि कडेवरचं लेकरू सांभाळायला रूपालाही सोबत घेतलं. जाताना शाळेत येऊन गेला. “ताई, दाखला नका काढू. माघ सरला की माघारी येतो. पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या.”

विशाखानं नाव राहू दिलं. पण पोर महिनाभर गैरहजर दिसलं की ते शाळाबाह्य धरलं जातं आणि पटातून वजा होतं. म्हणजे नाव ठेवायचं तर हजेरी लावणं आलं. पहिल्या दिवशी खूण करताना तिचा हात बराच वेळ अडला. दुसऱ्या दिवशी तेवढा अडला नाही.

रूपा चौथीत होती आणि शाळेत तिच्याइतकं वाचणारं दुसरं पोर नव्हतं. दिसेल ते वाचायची. खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, कंपनीच्या गेटवरची सूचना, सगळं, आणि तेही मोठ्यानं. अशा पोरीचं नाव काढून टाकायचं म्हणजे शाळेला कुलूप आपल्याच हातानं लावायचं, असं विशाखानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजवायला बसला की समोरचं ऐकतंच.

डिसेंबरात केंद्रप्रमुख अप्पाराव तपासणीला आले. निवृत्तीला टेकलेले, गुडघ्यांनी बेजार झालेले गृहस्थ. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच हजेरी पुकारली. शेवटचं नाव आलं आणि वर्ग गप्प झाला. तेवढ्यात तिसरीतली श्रेया, रूपाची मैत्रीण, उठून उभी राहिली. नाव पुकारलं की उत्तर द्यायचं असतं, आणि रूपा नाही तर आपणच द्यायला पाहिजे, एवढाच तिचा हिशेब.

“हजर!”

अप्पारावांनी चष्म्यावरून एकदा बघितलं, वही मिटली आणि चहा मागितला. ते गेल्यावर विशाखानं श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढंच केलं. पण बाईंचा हात कुणाच्या डोक्यावरून फिरला हे पोरं बरोबर टिपतात. दुसऱ्या दिवसापासून रूपाचं नाव आलं की एकोणीसच्या एकोणीस पोरं ओरडू लागली. ते तिथंच थांबवता आलं असतं. विशाखानं थांबवलं नाही.

खिचडी शिजवणाऱ्या चंपाबाईला हे पहिल्यापासून रुचलं नव्हतं. कागदावर वीस ताटं, म्हणून ती वीस वाढायची आणि विसावं ताट कुणी न शिवता तसंच राहायचं. “नसलेल्या लेकराचं ताट वाढू नी, विशाखा,” ती एकदा म्हणाली. “बरं नसतंय ते. गेलेल्याला वाढत्यात तसं.”

“चंपामावशी, आपण मानतो का असलं काही?”

“मानत नाय गं. पण वाढताना हात कापतो माझा.”

जानेवारीत वाचन-गणिताची चाचणी झाली. शाळेतले दुसरे शिक्षक सत्यम सर, खुलताबादकडचे, नोकरीला दोन वर्षं झालेले. रूपाचा पेपर त्यांनी रात्री घरी बसून सोडवला. तिची जुनी वही समोर ठेवून, तिचं अक्षर गिरवून. ‘ळ’ला ती जी लांब शेपटी काढायची तीही काढली. पेपर बघून विशाखा चपापली. क्षणभर तिला वाटलं, पोरगी येऊन लिहून गेली की काय.

“मॅडम, गोष्ट वाचते असंच लिहिलंय. खोटं कुठंय? वाचतेच की ती,” सत्यम सर म्हणाले.

निकाल आला तेव्हा केंद्रातल्या चौथीच्या पोरांत रूपा साळवे दुसरी होती. अप्पारावांनी फोन करून अभिनंदन केलं आणि जाता जाता सांगितलं, “सावध राहा हां, मॅडम. या आठवड्यात पडताळणीचे फोन येणार आहेत. दुसऱ्या तालुक्यातनं येतील, ओळखपाळख चालू नये म्हणून. कुठल्याही एका पोराचं नाव विचारतील. अडखळू नका.”

मंगळवारी दुपारी फोन आला. पोरं जेवत होती.

“जिल्हा परिषद शाळा, गायरान वस्ती का? कन्नडहून बोलतोय.”

“हो सर.” विशाखा ताठ झाली.

“रूपा बन्सी साळवे. चौथी. तुमच्याकडंच आहे का?”

वीस नावांतून नेमकं हेच निघावं! पण आवाज अडखळला नाही. तीन महिन्यांची सवय होती. “आमचीच विद्यार्थिनी आहे, सर.”

“आज हजर आहे का?”

“हजर आहे.”

“नक्की ना? बघून सांगा.”

विशाखानं खरंच वळून बघितलं. ओळीत वीस ताटं होती. विसाव्यावर माशी बसली होती. “समोरच बसलीय, सर. जेवतेय.”

पलीकडं कुणीतरी बाई रडत होती. रडता रडता ती एकदम गप्प झाली आणि फोन बंद झाला. कार्यालयात कोण रडत असेल, असं विशाखाच्या मनात आलं. मग तिला वाटलं, असेल कुणाचं काही, बदलीबिदलीचं. संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना ते रडणं पुन्हा कानात आलं. तिनं रस्त्यावर लक्ष दिलं.

शुक्रवारी सकाळी प्रार्थना नुकतीच संपली होती. कच्च्या रस्त्यानं बन्सी साळवे चालत येताना दिसला. उन्हानं रापलेला, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, आणि चेहऱ्यावर हसू. एका हातात उसाची दोन कांडी, दुसऱ्या हातात कोरी वही.

“जय भीम, ताई. कुठंय आमची वाघीण?”

विशाखाला कळेना. “कोण रे?”

“रूपा वो. तिला सांगा, बाप मारायचा नाय. वहीपायी रुसली व्हती, ही घ्या आणलीय वही.” तो पायरीवर टेकला आणि दम खाऊन सांगू लागला. “बाजारच्या दिवशी कन्नडात घडलं. तिला वहीच्या दुकानापाशी उभी केली. माय मीठ-मिरची घ्यायला गेली, म्या लहान्याला घेऊन व्हतो. वळून बघतो तं पोरगी नाय. बाजूलाच जीपचा अड्डा. सांजंपतूर हुडकलं. सकाळी ठाण्यात गेलो. हवालदार म्हणला, शाळंचा नंबर दे. त्यानं लावला फोन. तुम्ही म्हणला, हजर हाय, समोर जेवतीय. तुमचा आवाज म्या वळखला ना, ताई! तिची माय रडत व्हती, ती गप झाली.”

मंगळवारचा तो फोन पडताळणीचा नव्हताच.

“रोज म्हणायची, मला शाळात जायचं,” बन्सी सांगतच होता. “म्हणलं, बसली आसंल जीपात, उतरली आसंल रोडला, चंपामावशीकडं ऱ्हात आसंल. हवालदार बी म्हणला, जा घरी, उगं वरडू नको. मुकादम सोडंना. पण जीवाला घोर नव्हता, ताई. शाळात हाय म्हणल्यावर काय काळजी? आज सुटलो तसा आलो.”

शेडच्या दारात चंपाबाई उभी होती. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या आवाजानं बन्सीनं मान वळवली, आणि तिच्या तोंडाकडं बघता बघता त्याचं हसू विरलं.

“बन्सी,” विशाखा म्हणाली, “रूपा इथं नाही. आलीच नाही ती. दिवाळीपासून एक दिवसही नाही.”

“पण तुम्ही म्हणला...”

“खोटं बोलले मी. शाळेसाठी बोलले.”

तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता हातातल्या वहीकडं बघत बसला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस त्या पोरीला कुणी शोधलं नव्हतं. तिला शोधायचं कारणच विशाखानं काढून घेतलं होतं.

सत्यम सरांनी तिला बाजूला घेतलं. “मॅडम, ऐका माझं. मंगळवारपर्यंत येत होती, मग आली नाही, असं म्हणू. नाहीतर तुम्ही, मी, शाळा, सगळं जाईल.”

विशाखानं ऑफिसच्या उघड्या दारातून भिंतीवरचं वडिलांचं पत्र बघितलं. तीन वर्षं चपला झिजवून मिळवलेलं. “जाऊ द्या,” ती म्हणाली. “कन्नडात शोध सुरू झाला पाहिजे. आत्ता.”

तिनं बन्सीला स्कूटीवर मागं बसवून हायवेवरचं पोलीस ठाणं गाठलं आणि फौजदारांना सगळं धडधडीत सांगितलं. काही राखलं नाही. फौजदाराचं नाव इंद्रजीत. तरुण माणूस, ऐकून घेणारा. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. कन्नडला फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि उठला. “चला. शाळा बघू आधी.”

शाळेत येऊन त्यानं हजेरीची वही मागितली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. रूपा साळवे, हजर, हजर, हजर. चाचणीचा पेपर मागितला. जुनी वही शेजारी ठेवून अक्षर ताडून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हे तिचंच अक्षर आहे.”

“नाही, ते मी लिहिलंय,” सत्यम सर पुटपुटले.

“तुम्ही? ही ‘ळ’ची शेपटी तुमची?” फौजदार हसला नाही. “मॅडम, कन्नडच्या ठाण्यात नोंद आहे. मंगळवारी दुपारी एक वाजता मुख्याध्यापिका म्हणाल्या, पोरगी समोर बसून जेवतेय. आज पोरगी सापडत नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणता, दिवाळीपासून नव्हती. यातलं कुठलं धरू मी?”

“आत्ताचं धरा.”

“माझ्यासंगं व्हती वो साहेब!” बन्सी कळवळून म्हणाला. “फडावरल्या कुणालाबी विचारा.”

“विचारू. तू म्हणतोस तुझ्याजवळ होती, ह्या कागदावर म्हणतोय शाळेत होती. चार महिन्यांचा कागद आहे, रोजचा.” त्यानं वही विशाखापुढं धरली. “असा कागद मी बाजूला कसा ठेवू, तुम्हीच सांगा.”

तो कागद विशाखानं इतका नीट केला होता की त्यात कुठं खोट सापडत नव्हती.

“पोरांना विचारा,” ती एकदम म्हणाली. “पोरं खोटं बोलणार नाहीत.”

फौजदार वर्गात गेला. पोरं चटकन ताठ बसली. खुर्चीत परका साहेब, हातात हजेरीची वही. विशाखाच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. ती दारातून ओरडली, “पोरांनो, खरं...”

“तुम्ही बाहेर थांबा, मॅडम,” हवालदारानं तिला अडवलं.

“रूपा बन्सी साळवे,” फौजदारानं वाचलं.

“हजर!”

एकोणीस गळे, एक आवाज. बाहेर पायरीवर बसलेला बन्सी दचकून उठला.

फौजदारानं पुढं बसलेल्या श्रेयाला जवळ बोलावलं. आवाज मऊ केला. “बाळ, रूपा कुठं बसते?”

श्रेयानं खिडकीजवळची जागा दाखवली.

“कधी आली होती शेवटची?”

श्रेयानं दाराकडं बघितलं. बाई तिच्याकडंच बघत होत्या आणि जोरजोरात मान हलवत होत्या. साहेब आले की बाई घाबरतात, हे श्रेयाला डिसेंबरपासून माहीत होतं. तिनं बाईंना सांभाळून घेतलं.

“रोज येती. कालबी आल्ती.”

फौजदार उठला. खिडकीशी, रूपाच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभा राहिला. त्या खिडकीतून मागची विहीर दिसत होती, कठडा ढासळलेली, जाळी नसलेली. तो तिकडं बघत राहिला, तसं विशाखाच्या सगळं लक्षात आलं.

“साहेब, तिथं नाही ती! कन्नडला माणसं पाठवा, जीपवाल्यांना विचारा. चार दिवस झाले आज. पाया पडते तुमच्या.”

“तुमचं म्हणणं लिहून घेतलंय. कन्नडलाही बघायला लावतो.”

“कधी?”

“इथलं झालं की.” त्यानं हवालदाराला खूण केली. “विहीर उपसायला मोटर मागवा. आणि ह्या बापाला गाडीत बसवा, पळायला नको.”

दुपारी मोटर आली. उपशाचं पाणी शाळेच्या अंगणातून वाहत खिचडीच्या शेडपर्यंत गेलं. अख्खी वस्ती विहिरीभोवती जमली होती आणि चंपाबाई ऊर बडवून सांगत होती, अरे तिथं नाय रे लेकरू. कुणी ऐकत नव्हतं. पोलिसांच्या गाडीत जाळीमागं बन्सी बसला होता. कोरी वही त्याच्या मांडीवर होती. कन्नडच्या जीपअड्ड्यावर या वेळी कोण कुणाला काय विचारत असेल, हे विशाखाला पक्कं ठाऊक होतं. कुणीच, कुणाला, काहीच नाही.

ती लिंबाखाली खाली बसली. पोरं वर्गाबाहेर येऊन एका रांगेत उभी होती आणि सगळी तिच्याकडंच बघत होती. थोड्या वेळानं श्रेया रांगेतून निघून तिच्याजवळ आली. नेहमीसारखं डोकं पुढं केलं आणि थांबली. हात काही फिरला नाही, तसं तिनं वर बघितलं.

“बाई, बरोबर सांगितलं ना आम्ही?”